गाणारे घर

गायकवृंदाला शिकविताना आम्ही गेली कित्येक वर्षे एकच गोष्ट सांगत आलो आहोत. आपला आवाज शेजाऱ्याच्या आवाजात विरघळला पाहिजे. कोण गातो आहे हे ऐकणाऱ्याला कळता कामा नये. सेमिनरीत आमचे संगीतशिक्षक मध्येच पेटी थांबवीत आणि शांतपणे म्हणत, "मला तुमच्यापैकी एक जण वेगळा ऐकू येतो आहे." एवढ्या एका वाक्याने सारी रांग खाली मान घाली. सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बास या चार आवाजांनी आपापल्या वाटेने कसे चालावे, कुठे भेटावे, कुठे दूर व्हावे, याचे नियम त्यांनी आमच्याकडून घोटून घेतले होते. दोन आवाज पाचव्या स्वराचे अंतर राखून एकमेकांना समांतर चालले की त्यांच्या कपाळावर आठी उमटे.

ज्या कुटुंबाविषयी आज लिहावयाचे आहे, त्याने यांतला एकही नियम पाळला नाही. कोणी मोडायला सांगितला म्हणून नव्हे. असे काही नियम आहेत याची त्यांना फारशी फिकीरच नव्हती. चौघे गात आणि चौघेही वेगवेगळे ऐकू येत. वाद्याची साथ नाही. आवाज धारदार, थेट, जरासे खरखरीतच. कधी चौघे एकाच सुरावर चालत आहेत असे वाटावे, तोच एखादा आवाज अनपेक्षित वाटेने बाजूला निघे, वर चढे, आणि ओळ संपता संपता पुन्हा घरी येई. एकाचा दम संपला की दुसरा ती ओळ उचलून धरी. हे ऐकताना सेमिनरीत घडलेला आमचा कान प्रथम दचकला आणि मग तिथेच खिळून राहिला.

या गायकांना 'वॉटरसन्स' या नावाने ओळखतात. नॉर्मा, माइक आणि लॅल ही तीन सख्खी भावंडे आणि जॉन हॅरिसन हा त्यांच्या नात्यातला तरुण. गाव हल. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, यॉर्कशर परगण्यातले हे मोठे मासेमारी बंदर. दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानांनी या शहरावर इतके बाँब टाकले की वस्त्याच्या वस्त्या उद्ध्वस्त झाल्या. नॉर्माचा जन्म १९३९चा, माइकचा १९४१चा, लॅलचा १९४३चा. म्हणजे तिघेही त्या पडझडीतच वाढले. त्यांत आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. आईची आई, एलायझा वॉर्ड, हिने तिघांना सांभाळले. तिच्या रक्तात आयरिश जिप्सींचा अंश होता, आणि तिच्या घरात गाणे ही काही खास बाब नव्हती. भांडी घासताना, चूल पेटवताना माणसे जशी बोलतात, तशी ती माणसे गात.

आमच्या मते वॉटरसनांचे सारे चरित्र या एका गोष्टीतून उलगडते. त्यांनी गाणे रंगमंचावरून घरात आणले नाही, घरातून रंगमंचावर नेले. आणि रंगमंच घरावर उठू लागला, तेव्हा त्यांनी रंगमंच सोडला. पण ते पुढे येईल.

१९५०च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधील तरुण पोरांना 'स्किफल' नावाच्या संगीताने झपाटले होते. एक गिटार, कपडे घासायची फळी आणि अमेरिकेतून आलेली गाणी एवढ्या भांडवलावर गल्लोगल्ली मंडळे निघाली. वॉटरसन भावंडांनी सुरुवात अशीच केली. मात्र थोड्याच काळात त्यांना प्रश्न पडला, की अमेरिकेतल्या कापसाच्या मळ्यांची आणि आगगाड्यांची गाणी आपण का गातो आहोत? आपल्या यॉर्कशरला गाणी नाहीत काय? होती, पण ती जुन्या संग्राहकांच्या पुस्तकांत निजली होती, आणि काही म्हाताऱ्यांच्या ओठांवर होती. ससेक्समधील रॉटिंगडीन गावी कॉपर नावाचे शेतकरी कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या आपल्या घरची गाणी दोन आवाजांत गात आले होते. १८९८ साली त्यांच्या घरच्या दोघा भावांची गाणी एका बाईंनी उतरवून घेतली, आणि त्याच वर्षी लंडनमध्ये लोकगीतांचे जतन करणारी संस्था स्थापन झाली. वाद्यांविना, घरगुती आवाजात, एकत्र गाता येते हे इंग्लंडला दाखवून देणारे हे घराणे वॉटरसनांच्याही पुढे होते. भावंडांनी हळूहळू गिटार आणि बँजो बाजूला ठेवले आणि उरला तो केवळ गळा.

हलमधल्या 'ब्लू बेल' या जुन्या पबात त्यांनी 'फोक युनियन वन' नावाचा क्लब चालविला. पब म्हटले की आपल्याकडच्या वाचकाच्या डोळ्यांसमोर भलतेच चित्र उभे राहते. तिथे गावची चावडी आणि गुत्ता यांच्या मधले काहीतरी असे ते ठिकाण आहे. कष्टकरी माणसे दिवसभराचे काम संपवून येत, बाकावर बसत आणि पालुपद आले की सारी खोली गाई. ऐकणारे वेगळे आणि गाणारे वेगळे असा भेदच तिथे नव्हता. वॉटरसनांचे गाणे घडले ते अशा खोलीत.

१९६५ साली लंडनच्या 'टॉपिक' कंपनीने त्यांची 'फ्रॉस्ट अँड फायर' ही ध्वनिमुद्रिका काढली. 'मेलडी मेकर' या संगीतविषयक साप्ताहिकाने तिला त्या वर्षीची सर्वोत्तम लोकगीतांची ध्वनिमुद्रिका ठरविले. आम्हांला हिच्याविषयी थोडे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण धर्मगुरूला हिच्यात जे दिसते ते इतरांना कदाचित दिसणार नाही.

ही तबकडी म्हणजे वर्षाचे एक चक्र आहे. हिवाळ्यात दारोदार हिंडून सुख चिंतणाऱ्यांच्या गाण्यापासून ती सुरू होते, ईस्टर, मे महिना, कापणी, नोव्हेंबर, नाताळ असा फेरा घेते आणि पुन्हा त्या दारावरच्या गाण्याशी येऊन थांबते. तिच्या नावाखाली विधींच्या आणि जादूच्या गाण्यांची दिनदर्शिका, अशा अर्थाचे शब्द आहेत. तिची टिपणे लिहिणारे ए. एल. लॉइड हे मोठे व्यासंगी गृहस्थ. विचाराने साम्यवादी, आणि लोकगीतांचा इंग्लंडमधील अधिकारी माणूस. या गाण्यांच्या मुळाशी ख्रिस्तपूर्व काळातील निसर्गपूजा आहे, वरचा ख्रिस्ती रंग नंतरचा आहे, असा त्यांचा कल होता. त्या काळी अनेक विद्वान असेच मानीत. पुढे १९९६ साली रॉनल्ड हटन या इतिहासकारांनी इंग्लंडच्या साऱ्या सणावारांचे कागदपत्र तपासून 'द स्टेशन्स ऑफ द सन' हा ग्रंथ लिहिला आणि दाखवून दिले, की यांतल्या पुष्कळशा चालीरीती लोक समजतात तितक्या पुरातन नाहीत. बऱ्याचशा मध्ययुगीन चर्चच्या वर्षातून उगवल्या आणि काही तर त्याहूनही अलीकडच्या आहेत. हटन स्वतः चर्चचे कैवारी म्हणून लिहीत नव्हते, ही बाब ध्यानात घेण्यासारखी आहे.

आता तबकडीतले एक गाणे घ्या. ईस्टरच्या सुमारास अंडी मागत फिरणाऱ्या मुलांचे ते गाणे आहे. त्या अंड्यांना तिकडचे लोक 'पेस एग' म्हणतात. हा 'पेस' शब्द कुठून आला? लॅटिनमधल्या 'पास्का'पासून! आपण ज्याला पास्काचा सण म्हणतो, तोच शब्द इंग्लंडच्या उत्तरेकडील खेड्यांत, धर्मक्रांतीच्या साऱ्या उलथापालथीनंतरही, पोरांच्या तोंडी तग धरून राहिला. 'सोलिंग'चे गाणे याहूनही हृद्य आहे. सकल संतांच्या सणाला आणि दुसऱ्या दिवशी मृतांच्या स्मृतिदिनी गोरगरीब आणि मुले दारोदार जात, घरची माणसे त्यांना लहानशी गोड भाकर देत, आणि ती घेणारा त्या घरातल्या मृतांसाठी प्रार्थना करी. सोळाव्या शतकात इंग्लंडच्या नव्या चर्चने शुद्धिस्थानाची शिकवण नाकारली आणि मृतांसाठी करावयाची प्रार्थना वेदीवरून दूर केली. पण चेशर परगण्यातली मुले मात्र दारोदार हिंडून त्या भाकरीचे गाणे म्हणतच राहिली. त्यांना त्यातला धर्मसिद्धान्त ठाऊक नव्हता. त्यांना सफरचंद आणि भाकर हवी होती. जे प्रवचनपीठावरून पुसले गेले ते उंबरठ्यावर टिकले.

याच तबकडीत दुःखसहनाचे एक जुने गीत आहे. सात कुमारिका येशूला शोधीत निघतात, त्यांच्यात त्याची आई मरियाही असते, आणि वाटेत भेटलेला थोमा त्यांना क्रूसाकडची वाट सांगतो. शुभवर्तमानांत असा प्रसंग कुठेच नाही. पण आईने मुलाला शोधीत जावे, हे ज्या कोणा अनाम माणसाने रचले त्याला शुभवर्तमान कळले नव्हते असे कोण म्हणेल? आणखी एका गाण्यात राजा हेरोदाला खबर मिळते, की राजपुत्र जन्मला आहे. तो म्हणतो, हे खरे असेल तर या ताटातला भाजलेला कोंबडा आरवेल. आणि कोंबडा आरवतो! पोर्तुगालमधील बार्सेलोसच्या कोंबड्याची कथा ज्यांनी ऐकली असेल, त्यांना या कोंबड्याचे पंख ओळखीचे वाटतील. जिथे माणसे ताट मांडून जेवायला बसतात, तिथे अशा कथा देशोदेशी हिंडत येतात.

ही गाणी वॉटरसन ज्या पद्धतीने म्हणतात, तीत भक्तिभावाचा आव नाही. डोळे मिटलेले नाहीत, आवाजात कंप नाही. दारात उभे राहून मोठ्याने, स्वच्छ आवाजात सांगावे तसे ते सांगतात. आम्हांला वाटते म्हणूनच ती आपल्यापर्यंत पोहोचतात.

रोममध्ये शिकत असताना, २००४च्या उन्हाळ्यात, तिथल्या धर्मगुरूंच्या रजेच्या काळात आम्ही यॉर्कशरमधील एका लहानशा पॅरिशमध्ये सहा आठवडे सेवेसाठी गेलो होतो. ऑर्गन वाजविणाऱ्या बाई सत्तरीच्या पुढच्या होत्या. एका रविवारी मिस्सा संपल्यावर त्यांनी आमच्या हाती एक कॅसेट ठेवली आणि म्हणाल्या, "फादर, आमच्या चर्चमधले गाणे ऐकून तुम्ही आम्हांला थंड समजाल. हे ऐका म्हणजे गैरसमज होणार नाही." ती रात्र आम्ही पॅरिशहाऊसच्या स्वयंपाकघरात, चहा थंड होऊ देत, त्या कॅसेटच्या दोन्ही बाजू ऐकण्यात घालविली. पुढे गावी परतल्यावर आमच्या गायकवृंदालाही ती ऐकविली. मुलांनी एकमेकांकडे पाहून हसू दाबले. मागे बसलेल्या एक आजी मात्र म्हणाल्या, "फादर, ह्या बाया तर आपल्या लग्नातल्या गाण्यांसारख्या गातात." संगीतशास्त्राच्या दृष्टीने आजींचे म्हणणे कितपत टिकेल ते जाणकार ठरवोत. अंगणात, उघड्यावर, माइकशिवाय गाणाऱ्या बायांचा आवाज जसा घट्ट आणि सरळ लागतो, तसा नॉर्मा आणि लॅल यांचा लागतो, एवढे मात्र खरे.

यशाची ती वर्षे होती. १९६६ साली त्यांच्या आणखी दोन ध्वनिमुद्रिका निघाल्या, एक यॉर्कशरच्या गाण्यांची. त्याच वर्षी डेरिक नाइट या दिग्दर्शकाने त्यांच्यावर बीबीसीसाठी एक माहितीपट केला. त्याचे नाव, पोटासाठी प्रवास, अशा अर्थाचे आहे. कृष्णधवल चित्रांत हलमधले त्यांचे गजबजलेले घर दिसते, अंधाऱ्या रस्त्यांवरून धावणारी व्हॅन दिसते, धुराने भरलेल्या क्लबांतल्या खोल्या दिसतात. घरी परतणे आणि पुन्हा निघणे. एका गावी गाणे, रात्री कोणाच्या तरी घरी जमिनीवर अंथरूण, सकाळी पुढचे गाव. त्या नावातच पुढच्या घटनेची चाहूल आहे.

१९६८ साली त्यांनी हे थांबविले. भांडण नव्हते, अपयश नव्हते, मागणी ओसरली नव्हती. चौघेही दमले होते. वर्षातले दिवस मोजले तर घरापेक्षा रस्त्यावरचेच अधिक भरत, आणि लॅलला तर मुलांसोबत घरी राहायचे होते. जगाच्या दृष्टीने हा वेडेपणाच. कीर्तीच्या शिडीवर अर्ध्यात थांबणाऱ्याला आपण भित्रा तरी म्हणतो किंवा आळशी तरी. कुटुंबातल्या कोणी परदेशातली चांगली नोकरी सोडून गावी परत यायचे म्हटले की आपल्याकडेही चार शहाणे समजूत घालायला येतातच.

त्याच वर्षी हल शहरावर मोठा आघात झाला. जानेवारीत आणि फेब्रुवारीच्या आरंभी या बंदरातून गेलेले तीन ट्रॉलर उत्तरेच्या बर्फाळ समुद्रात बुडाले आणि ५८ माणसे गेली. बंदरातल्या बायका, लिलियन बिलोका नावाच्या एका धिप्पाड, निर्भीड बाईच्या मागे, रस्त्यावर आल्या आणि त्यांनी मालकांना आणि सरकारला बोटींच्या सुरक्षिततेचे नियम बदलायला लावले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. तरीही समुद्रावर गेलेल्या माणसाची वाट पाहणे म्हणजे काय हे ज्या गावाला ठाऊक आहे, त्या गावची ही भावंडे होती हे विसरून त्यांचे गाणे नीट कळत नाही. त्यांच्या १९७५च्या ध्वनिमुद्रिकेत तीन दिवसांच्या लक्षाधीशाचे एक गाणे आहे. तीन आठवडे समुद्रावर राबून आलेला खलाशी तीन दिवसांत सारी कमाई उडवितो आणि पुन्हा बोटीवर चढतो, म्हणून हलमध्ये त्याला हे नाव. चाल मजेची आहे. कोळ्यांच्या वस्तीत ज्यांनी काम केले आहे त्यांना हसू येईल आणि पुढच्याच क्षणी ते ओठांवर थांबेल.

पांगापांग झाली. नॉर्मा थेट कॅरिबियन समुद्रातील माँटसेरात बेटावर गेली आणि तिथल्या रेडिओ केंद्रावर गाणी लावू लागली. माइक आणि लॅल इंग्लंडमध्येच संसारात रमले. आणि इथे एक विलक्षण गोष्ट घडली. दोघेही, एकमेकांना न सांगता, स्वतःची गाणी रचीत होते. परंपरेची गाणी म्हणणाऱ्यांच्या पोटी नवी गाणी जन्मली होती. लॅलची गाणी तर अशी, की एकदा ऐकून अर्थ लागत नाही आणि अर्थ लागला नाही तरी विसरत नाहीत. बुजगावणे, नशिबाची वाट पाहत राहिलेली एक बाई, तणांत सापडलेले मूल, अशी तिची चित्रे आहेत. १९७२ साली 'ब्राइट फीबस' या नावाने ती गाणी प्रसिद्ध झाली. मार्टिन कार्थी, रिचर्ड टॉम्पसन यांसारखे नाणावलेले वादक साथीला होते. परिणाम? जवळजवळ शून्य. जुन्याचे कैवारी म्हणाले, हे लोकगीत नव्हे. नव्याच्या चाहत्यांपर्यंत ती पोहोचलीच नाही. त्यातच निघालेल्या प्रतींपैकी पुष्कळ प्रतींचे मधले भोक एका बाजूला सरकलेले निघाले, त्यामुळे तबकडी फिरताना सूर डळमळे. बिचारी तबकडी पंचेचाळीस वर्षे जुन्या बाजारांत आणि रसिकांच्या कपाटांत लपून राहिली. २०१७ साली ती पुन्हा निघाली, तेव्हा समीक्षकांनी तिला डोक्यावर घेतले. लॅल १९९८ साली गेली होती, माइक २०११ साली.

ती फार सोसून गेली असे चित्र मात्र आम्ही रंगविणार नाही. १९७२ साली नॉर्मा बेटावरून परतली आणि भावंडे पुन्हा गाऊ लागली, पण आता घराच्या बेताने. त्याच वर्षी नॉर्माचा मार्टिन कार्थीशी विवाह झाला आणि चौथा आवाज म्हणून जॉन हॅरिसनच्या जागी शेवटी जावईच आला. मार्टिन हा लंडनचा. लहानपणी तो तिथल्या राजघराण्याच्या सॅव्हॉय चॅपेलमध्ये गायकवृंदातला मुलगा होता, म्हणजे आमच्यासारखाच नियमांत वाढलेला. पुढे गिटारवादक म्हणून त्याने नाव काढले. 'स्कारबरो फेअर' या गाण्याची त्याची धाटणी पॉल सायमन या अमेरिकन गायकाने त्याच्याकडूनच उचलली आणि ती जगभर गाजली, हे संगीताच्या चाहत्यांना माहीत असेल. असा माणूस, गिटार खाली ठेवून, तीन भावंडांच्या घरगुती स्वरमेळात आपली जागा शोधीत उभा राहिला. सासुरवाडीला जाऊन राहिलेल्या जावयाविषयी आपल्याकडे जे बोलले जाते ते इथे मुळीच लागू नाही.

पुढे नॉर्मा, माइक आणि लॅल या तिघांचे संसार यॉर्कशरच्या किनाऱ्यावर, रॉबिन हुड्स बे या कड्यावर वसलेल्या कोळीगावाजवळच्या एका शेतघरात एकत्र नांदले. मुले एका अंगणात वाढली. गाणे ही पुन्हा घरची बाब झाली.

१९७७ साली त्यांनी जी ध्वनिमुद्रिका केली, ती सारी धर्मगीतांची. खेड्यांतल्या चॅपेलांची, नाताळची, जुन्या गॅलरीगायकांची गाणी. या शेवटच्या मंडळींविषयी दोन शब्द सांगायला हवेत. अठराव्या शतकात इंग्लंडच्या गावोगावच्या चर्चमध्ये मागच्या बाजूच्या सज्जावर गावचे सुतार, चांभार, शेतकरी आपापली व्हायोलिने, बासऱ्या आणि चेलो घेऊन बसत आणि रविवारी जोरकस आवाजात स्तोत्रे गात. एकोणिसाव्या शतकात सुधारणावादी पाळकांना हे गावंढळ वाटू लागले. ऑर्गन आले, पांढऱ्या झग्यांतले गायकवृंद आले आणि सज्जावरची मंडळी खाली उतरविली गेली. ती कुठे गेली? पबात! शेफील्डच्या आसपासच्या गावांत आजही नोव्हेंबरच्या मध्यापासून नाताळापर्यंत लोक पबांत जमून चर्चने टाकून दिलेली नाताळगीते गातात. मेंढपाळांचे एकच गीत तिथे अनेक चालींवर ऐकायला मिळते. हे काम कोणा नास्तिकाने केलेले नाही. चांगल्या हेतूने, उपासना अधिक सुंदर व्हावी म्हणून, आमच्यासारख्याच चर्चच्या सेवकांनी ते केले. स्वर शुद्ध झाला आणि गाणारे निघून गेले. गायकवृंदाची फेरी बसविताना ही कथा आमच्या मनात अनेकदा येते, विशेषतः एखाद्या बेसूर पण उत्साही काकांना मागे बसायला सांगावे की काय, असा विचार चालू असतो तेव्हा.

वॉटरसन काही चर्चच्या वतीने गाणारे नव्हेत. ही गाणी त्यांनी लोकांची म्हणून उचलली आणि लोकांच्या आवाजात म्हटली. तरी त्यांतल्या एखाद्या जुन्या मरणगीतात चौघांचे आवाज एकमेकांवर घासून जी ठिणगी उडते, तिने आम्हांला किती तरी अंत्यविधींच्या आदल्या रात्री बळ दिले आहे.

१९८०नंतरचे आम्ही भरभर सांगतो. १९८१ साली आणखी एक ध्वनिमुद्रिका, काही दौरे, मग लॅल प्रकृतीमुळे आणि मनामुळेही रंगमंचापासून दूर. पण घरात बसून तिने आपल्या मुलाबरोबर, ऑलिव्हर नाइटबरोबर, १९९६ साली पुन्हा स्वतःची गाणी मुद्रित केली. त्याच वर्षी नॉर्माने वयाच्या ५६व्या-५७व्या वर्षी पहिलीच स्वतंत्र ध्वनिमुद्रिका काढली आणि ती मर्क्युरी या ब्रिटिश पारितोषिकाच्या अंतिम यादीत गेली. पारितोषिक पल्प नावाच्या तरुणांच्या बँडला मिळाले. मार्टिन आणि नॉर्मा यांची मुलगी एलायझा, हो, पणजीचेच नाव, व्हायोलिन घेऊन आईवडिलांसोबत उभी राहिली आणि 'वॉटरसन-कार्थी' हे नवे घराणे १९९४ साली तबकडीवर आले.

२०१० साली नॉर्मा फार आजारी पडली. काही काळ ती बेशुद्ध होती आणि शुद्धीवर आल्यावर तिला चालायला, बोलायलाही नव्याने शिकावे लागले. जिचा आवाज इंग्लंडने पन्नास वर्षे ओळखला, तिला शब्द पुन्हा गोळा करावे लागले. ती पुन्हा गायली. २०१८ साली आई आणि लेक यांची 'अँकर' ही ध्वनिमुद्रिका निघाली.

मग कोरोनाची साथ आली. सभागृहे बंद, दौरे रद्द, आणि गाण्यावर जगणाऱ्यांचे उत्पन्न थांबले. जानेवारी २०२२मध्ये एलायझाला जाहीरपणे लोकांकडे मदत मागावी लागली. आई न्यूमोनियाने रुग्णालयात होती. लोकांनी मदत केली. ३० जानेवारीला नॉर्माने देह ठेवला. राणीकडून सन्मान मिळालेली, तीन पिढ्यांच्या गायकांनी जिला गुरुस्थानी मानले, तिच्या घरची ही स्थिती वाचून आम्हांला त्या रात्री झोप आली नाही. १९६८ साली त्यांनी रस्ता सोडला नसता तर घरात चार पैसे अधिक असते काय? असतीलही. पण मग एलायझा कोणत्या अंगणात गायला शिकली असती, आणि लॅलने ती गाणी कोणत्या स्वयंपाकघरात रचली असती?

लॅलची मुलगी मॅरी आणि मुलगा ऑलिव्हर यांनी २०११ साली मिळून एक ध्वनिमुद्रिका केली. मॅरी चित्रे काढते, शब्द लिहिते, आईसारखीच वाकड्या वाटेची चाल पकडते. २०२५ साली मार्टिन कार्थीची नवी ध्वनिमुद्रिका मर्क्युरीच्या अंतिम यादीत आली. वय वर्षे ८४. त्याच यादीत, एकोणतीस वर्षांनंतर, पल्पही होते. या वेळी पारितोषिक दोघांनाही मिळाले नाही.